पोटखराब्याची मोजदाद

माझा व्यवसाय कोणता, असे कोणी विचारले म्हणजे मी जरा चाचरतो. डॉक्टर, वकील, मास्तर, कारकून यांना हा प्रश्न सोपा जातो. मी ‘परिसर सल्लागार’ आहे असे सांगितले की समोरचे गृहस्थ क्षणभर थांबतात आणि मग हळूच विचारतात, “म्हणजे आपण नक्की करता काय?” एका लग्नाच्या पंगतीत माझ्या मेहुण्याने माझ्या वतीने परस्पर उत्तर देऊन टाकले होते, “आमचे भावजी गवत मोजतात!” पंगतीत हशा पिकला. मीही हसलो, कारण उत्तर विनोदी असले तरी खोटे नव्हते.

गेली बावीस वर्षे मी खरोखरच गवत मोजतो आहे. गवत, झाडे, बेडूक, पाखरे, झरे, डबकी, गुरांच्या वाटा, हे सारे मोजतो. एखाद्या जमिनीवर कोणाला काही करावयाचे असते. कोणाला खाण काढावयाची असते, कोणाला रस्ता न्यावयाचा असतो, कोणाला बाग लावावयाची असते, तर कोणाला ती जमीन आहे तशीच राखावयाची असते. यातले काहीही करण्यापूर्वी त्या जमिनीवर आज कोण राहते, कशाच्या आधाराने राहते आणि तिचा उपयोग कोण कोण करून घेते, हे पाहावे लागते. ही झाली पाहणी. मग कोणत्या भागाला हात लावू नये, कोठे काय केले तर चालेल आणि ते कोणी सांभाळावे, हे लिहून द्यावयाचे. हा झाला आराखडा. पाहणी आणि आराखडा, एवढाच माझा धंदा. एरवी या धंद्याची हकीकत दिवाळीच्या फराळाबरोबर वाचावयास देण्यासारखी आहे असे मला वाटले नसते. परंतु कोकणातल्या एका सड्याने मला जे शिकविले, ते आपल्या गावाकडच्या जमिनीविषयी आस्था असणाऱ्या प्रत्येक वाचकाच्या कानावर घालावे, असे पुष्कळ दिवस मनात होते.

कागदावरचे शून्य

वाचकांपैकी ज्यांच्या घरी गावाकडचा सातबारा आहे त्यांनी तो एकदा कपाटातून काढून पाहावा. त्यावर लागवडीखालील क्षेत्राच्या खाली एक शब्द आढळेल : ‘पोटखराबा’. इंग्रजी अमदानीतल्या मोजणी-जमाबंदीपासून चालत आलेला हा शब्द आहे. सर्व्हे नंबराच्या पोटात जो भाग नांगराखाली येत नाही, तो खराबा. सरकारला त्यातून सारा मिळावयाचा नाही, म्हणून हिशेबात त्याची किंमत शून्य. सारा वसूल करणाऱ्याच्या दृष्टीने यात काही चूक नव्हते. घोटाळा पुढे झाला. ज्यावर सारा नाही त्यावर काहीच नाही, असे हळूहळू आपण सर्वजण समजू लागलो.

हीच समजूत नव्या पोशाखात दिल्लीच्या नकाशांतही शिरली. उपग्रहांनी काढलेल्या चित्रांवरून देशातल्या ओसाड जमिनींचा एक नकाशासंग्रह केंद्र सरकारने २००० साली प्रसिद्ध केला आणि त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या पुढे २०१९ पर्यंत निघाल्या. त्यात ‘खडकाळ ओसाड जमीन’ आणि ‘झुडपी जमीन’ असे वर्ग आहेत. आकाशातून पाहणाऱ्याला खडक तेवढा दिसतो. खडकावर जे चार महिने नांदते आणि आठ महिने झोपून राहते, ते टिपावयाचे तर त्याच्याजवळ गुडघे टेकूनच बसावे लागते.

‘ओसाड’ हा शब्द दिसावयास निरुपद्रवी आहे. पण माझ्या धंद्यात त्याच्याइतका महाग शब्द दुसरा नाही. एखादी जमीन कागदावर ओसाड ठरली की तिच्यावर काहीही करणे ही सुधारणाच ठरते. तेथे खाण काढली तरी सुधारणा आणि ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपे लावली तरी सुधारणाच!

सडा म्हणजे काय?

घाटावरच्या वाचकांसाठी थोडे सांगावयास हवे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात खाडीच्या काठावरून चढण चढून वर गेले की एकाएकी सपाट, तांबडा-काळा, मैलभर पसरलेला कातळ लागतो. झाड नाही, सावली नाही. एप्रिलच्या दुपारी तेथून अनवाणी चालणाऱ्याला पुढे विस्तवाचे भय उरत नाही. हा सडा.

हा कातळ जांभ्याचा. जांभा हा पावसाने घडविलेला दगड आहे. लक्षावधी वर्षे उष्ण हवेत मुसळधार पाऊस खडकावर पडत राहिला. त्या पाण्याने खडकातली वाळूच्या जातीची द्रव्ये धुऊन नेली आणि मागे लोखंड व ॲल्युमिनियम यांची भस्मे उरली. लोखंडाने त्याला तांबडा रंग दिला. ॲल्युमिनियम जेथे फार साचले तेथे बॉक्साइट झाले. जमिनीतून काढताना हा दगड मऊ असतो, हवेत राहिला की कठीण होतो. म्हणून त्याचे चिरे पाडून कोकणातील माणसाने घरे, देवळे आणि विहिरी बांधल्या. फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉच डॉक्टराने मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला ‘लॅटेराइट’ असे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लॅटर’ म्हणजे वीट. साहेबालाही दगडाआधी चिराच दिसला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

हेच जांभ्याचे कातळ सह्याद्रीच्या माथ्यावरही आहेत. साताऱ्याजवळचे कास पठार हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध. तेथे सुमारे साडेआठशे जातींच्या सपुष्प वनस्पतींची नोंद आहे आणि २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. आता तेथे फुलांच्या दिवसांत मोटारींची रीघ लागते, आधी नोंदणी करावी लागते. कासचे नशीब उघडले. परंतु कोकणातले सखल सडे हे त्याचेच गरीब चुलत भाऊ. त्यांना ना यादी, ना पाहुणे. त्यांच्या वाट्याला आला तो पोटखराबा.

न मोजण्याचा ऋतू

आता या धंद्यातील एक गंमत सांगतो. तिला गंमत म्हणावे की आणखी काही, ते वाचकांनी ठरवावे.

मोठ्या प्रकल्पाचा परिसरावर काय परिणाम होईल याचा अहवाल आधी करावा, असा नियम आपल्याकडे १९९४ साली झाला आणि २००६ साली तो नव्याने लिहिला गेला. नियम चांगला आहे. तो नसता तर माझ्यासारख्यांची चूल पेटली नसती, हेही प्रांजळपणे सांगतो. परंतु खाणींच्या अहवालासाठी हवा, पाणी, माती आणि वनस्पती-प्राणी यांची जी माहिती गोळा करावयाची, ती एका ऋतूची असली तरी चालते. आणि तो ऋतू पावसाळा सोडून असावा, असे ठरलेल्या नमुन्यात म्हटलेले असते. हवेतल्या धुळीपुरते हे बरोबर आहे. पाऊस पडला की धूळ बसते, मग मोजणार काय? पण फुलांना आणि बेडकांना तोच नियम लावला की काय होते पाहा. सड्यावरचा सारा संसार जूनमध्ये उघडतो आणि ऑक्टोबरात मिटतो. त्याची मोजणी मार्च-एप्रिलात करणे म्हणजे शाळेची पटसंख्या मे महिन्याच्या सुट्टीत मोजण्यासारखे आहे. वर्ग रिकामे, बाके रिकामी. शेरा काय पडणार? ‘शाळेत विद्यार्थी आढळले नाहीत.’

एका कचेरीने मला एकदा असेच एप्रिलात बोलाविले होते. कोकणातल्या एका सड्याची पंधरा दिवसांत पाहणी करून अहवाल द्यावयाचा होता. मी म्हणालो, “पाहणी ऑगस्टात करू या.” साहेब हसून म्हणाले, “अहो, ऑगस्टपर्यंत आम्हाला खड्डा खणून व्हावयाचा आहे.” काम दुसऱ्याकडे गेले. त्या दुसऱ्यालाही मी दोष देणार नाही. अहवाल लिहिणाऱ्याची नेमणूक आणि त्याचे बिल, दोन्ही प्रकल्पवाल्याच्याच हातात असतात. ज्याच्या घरचे जेवावयाचे त्याच्याच स्वयंपाकाला नावे ठेवावयाची, हे कसब सर्वांनाच साधत नाही.

आणि कधी कधी तर एप्रिलातसुद्धा कोणी जात नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालातले उतारेच्या उतारे तसेच उतरले असल्याचे काही वर्षांपूर्वी उघडकीस आले होते. त्यात स्प्रूस आणि बर्च या थंड मुलखातल्या झाडांच्या अरण्यांचेही वर्णन होते. कोकणच्या सड्यावर बर्फाळ देशातली अरण्ये! आंब्या-फणसांनी ते वाचले असते तर त्यांना हुडहुडीच भरली असती.

एका चौकटीची कथा

अशा स्थितीत राजापूर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीचे बोलावणे आले. गावाचे नाव मी लिहीत नाही, कारण जे भांडण मिटले आहे ते छापून पुन्हा उभे करावयाचे नाही. जैवविविधतेच्या २००२ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक गावाने आपल्या हद्दीतल्या जीवसृष्टीची एक लोकनोंदवही करावयाची असते. पुष्कळ ठिकाणी ती टेबलाशी बसून भरली जाते. या गावाच्या सरपंचबाईंना मात्र खरी नोंदवही हवी होती, आणि तिला कारणही तसेच होते. गावच्या सड्याच्या एका कोपऱ्यात जुनी चिरेखाण होती. आता एका ठेकेदाराने सारा सडाच मागितला होता. सडा खाजगी मालकीचा, पण एकेका सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावे. निम्मी मुंबईत, काही स्वर्गात. ठेकेदार प्रत्येक हिस्सेदाराला गाठून सही घेत होता.

मी एकच अट घातली. काम वर्षभर चालेल आणि पावसाळा पुरा पाहीन. सरपंचबाई म्हणाल्या, “पैसे थोडे आहेत, पण पाऊस हवा तेवढा आहे.”

मोजणीची रीत अगदी साधी आहे. सारा सडा कोणी मोजू शकत नाही. म्हणून त्याचे आधी प्रकार पाडावयाचे. उघडा कातळ हा एक. पाणी साठणारे खळगे हा दुसरा. माती धरलेल्या उथळ बशा हा तिसरा. पाणी पातळसे झिरपत राहते त्या ओलसर पट्ट्या हा चौथा. आणि कडेची झुडपे हा पाचवा. प्रत्येक प्रकारात ठरावीक अंतरांवर मीटरभर लांब-रुंद चौकट टाकावयाची आणि तिच्यात जे जे आहे ते जातवार मोजावयाचे. चौकटीची जागा यंत्रावर नोंदून ठेवावयाची, म्हणजे पुढच्या महिन्यात बरोबर तेथेच येता येते. पाखरांसाठी सकाळी ठरलेल्या रेषेवरून सावकाश चालावयाचे; बेडकांसाठी रात्री कंदील घेऊन कान द्यावयाचे. यात विद्वत्ता थोडी आणि चिकाटी फार लागते. माझ्या हाताखाली गावातल्या शाळेची नववीतली सहा मुले होती. त्यांचे डोळे माझ्याहून तीक्ष्ण होते आणि गुडघे पुष्कळच बरे.

एका चौकटीची हकीकत सांगतो. मे महिन्यात तिच्यात भेगेतली थोडी वाळकी काडी आणि उन्हाने पांढरी पडलेली गोगलगाईची शिंप, एवढाच ऐवज होता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. थोड्याच दिवसांत त्याच भेगेतून दिपकाडीची पांढरी फुले उंच दांड्यावर डोलू लागली. ही दिपकाडी कोकणच्या या सड्यांची खास लेक; जगात दुसरीकडे तिचे माहेर नाही. जुलैत गवताची लव आली. ऑगस्टात सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुले आणि गेंदाचे पांढरे गोंडे यांनी चौकट अशी भरली की मोजणारी मुलगी रडकुंडीला आली. “सर, बोट ठेवायला जागा नाय!” ती म्हणाली.

सीतेची आसवे ही दिसावयास नाजूक, पण पोटाने मांसाहारी आहे. जांभ्याच्या धुपलेल्या मातीत नत्र फारसे नसते. म्हणून तिने बारीक बारीक फुगे तयार केले आहेत. पाण्यातला सूक्ष्म जीव जवळ आला की फुग्याचे झाकण उघडते, जीव आत ओढला जातो आणि झाकण मिटते. तिचा शेजारी दवबिंदू आपल्या पानांवरच्या चिकट थेंबांनी कीटक धरतो. गरिबीत माणसाला जशा युक्त्या सुचतात तशा झाडालाही सुचतात. आणि सारे कसे झटपट! उगवावयाचे, फुलावयाचे, बी टाकावयाचे आणि दिवाळीच्या आत आवरून घ्यावयाचे.

खळग्यांत बेडकांची पिले, कातळाच्या सपाटीवर टिटवीची अंडी, दगडाखाली फुरसे, पहाटे चंडोलाचे गाणे अशी यादी वाढत गेली. आंबोलीच्या कातळावरचा एक भेक अशाच उथळ डबक्यांत अंडी घालतो. शास्त्राला त्याची ओळख २००९ साली पटली आणि ओळख पटताच तो अतिशय धोक्यात असलेल्यांच्या यादीत गेला. आमच्या सड्यावर तो नाही. पण जे भूमीवर कोठेच नसतील असे जीव ‘ओसाड’ खडकावर सापडू शकतात, एवढे त्यावरून कळते.

दोरीच्या गाठी

फुलांची यादी लांबली तरी माझे समाधान होईना. गुरे राखणाऱ्या एका म्हाताऱ्यांनी मला पहिल्याच आठवड्यात विचारले होते, “साहेब, तुमी फुलं मोजताव, बरं हाय. पण पानी कवा मोजनार?”

तात्यांचे म्हणणे नेमके होते. जांभा सच्छिद्र दगड आहे. सड्यावर पडलेला पाऊस खळग्यांत थांबतो, भेगांतून आत मुरतो, खाली चिकण मातीचा थर लागला की आडवा सरकतो आणि सड्याच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर येतो. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरीही एप्रिलात हंडे रांगेत लागतात, याचे कारण पाणी थांबत नाही. ते थांबविणारी जी थोडी ठिकाणे आहेत त्यांत सडा येतो. वरचा कातळ म्हणजे खालच्या वाडीच्या डोक्यावरची टाकीच.

आम्ही विहिरी मोजावयास घेतल्या. उपकरण म्हणजे सुंभाची दोरी, तिच्या टोकाला दगड आणि हातहातावर गाठ. दर रविवारी मुले प्रत्येक विहिरीत दोरी सोडीत आणि वहीत आकडा लिहीत. वर्ष संपले तेव्हा चित्र असे दिसले : अखंड सड्याखालच्या विहिरी मेच्या अखेरपर्यंत तग धरून राहिल्या. जुन्या चिरेखाणीच्या अंगाच्या दोन विहिरींनी त्याच्या पुष्कळ आधी तळ दाखविला. एका वर्षाच्या नोंदीवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मी अहवालात स्पष्ट लिहिले. पण शास्त्र सिद्ध होईपर्यंत तहान थांबत नाही, हे वाडीतल्या बायकांना माझ्या आधी ठाऊक होते.

फुले खाऊन पोट भरते का?

ग्रामसभा गणपतीच्या दिवसांत ठेवली. चाकरमानी गावात, हिस्सेदार हजर, आणि वर सडा फुललेला. गौरीसाठी तेरडा आणावयास बायका आदल्याच दिवशी सड्याच्या कडेला जाऊन आल्या होत्या. मी भिंतीवर नकाशा लावला. आमची नोंदवही मुलांनीच वाचून दाखविली. म्हातारी माणसे मध्येच थांबवून गावठी नावे दुरुस्त करीत होती. वातावरण कसे सणासारखे होते.

मग मागच्या बाजूने चाळिशीतले एक गृहस्थ उठले. शांत माणूस. ते म्हणाले, “साहेब, तुमी वर्षभर राबलाव, आमी बघितलंय. पण माझं ऐका. माझा पोरगा बारावीला हाय. घराची कौलं दोन पावसाळे बदलायची राहिलीत. सड्यानं मला आजपतूर पेंढीभर गवत दिलं. ठेकेदार रोख देतोय. फुलं बघायला तुमी येनार. कॉलेजची फी भरायला कोन येनार?”

सभा चिडीचूप झाली. वाचकहो, आमच्या धंद्यातल्या मंडळींनी या प्रश्नासमोर मान खाली घालून बसावयास शिकले पाहिजे. शहरात बसून सडा वाचवा म्हणणे फुकट असते. त्याचे मोल त्या माणसाच्या कौलांतून वसूल होते. मी त्यांना म्हणालो, “भाऊ, तुमचा प्रश्न माझ्या नकाशात नाही. तो तुम्ही आता घातलात, हे बरे झाले.”

उत्तर मी दिले नाही. खालच्या वाडीतल्या एका आजींनी दिले. त्या उठल्या नाहीत, बसल्या जागेवरूनच बोलल्या, “बाबा, तुझी कौलं गळतात ती चार म्हैने. हीर आटली तर आठ म्हैने गळा सुकंल. पैसा तू एकदा घेशील, पानी माझी नातसून जन्मभर वाहील.” मग त्या ठेकेदाराच्या बाजूच्या चौघांकडे वळल्या, “पन ह्याच्या कौलांचं काय, ते बी ठरवा. नुसतं न्हाय म्हनून उठू नका.”

सभा रात्री उशिरापर्यंत चालली. शेवटी जो आराखडा ठरला तो माझ्या मूळ आराखड्याहून निराळा होता आणि मला वाटते, बराही होता. सड्याचे चार भाग केले. खळगे, ओलसर पट्ट्या आणि विहिरींच्या डोक्यावरचा सारा कातळ अभंग ठेवावयाचा. तेथे खाण नाही, सुरुंग लावून आंब्याचे खड्डे नाहीत आणि वृक्षारोपणही नाही. हे शेवटचे ऐकून काहींना नवल वाटले. पण जेथे झाड कधीच नव्हते तेथे झाड लावणे म्हणजे तेथे जे आहे त्याला हुसकावणे, हे मुलांनी चौकटीवरून समजावून सांगितले. गवताच्या भागात गुरे पूर्वीसारखीच चरावयाची, फक्त कापणीपर्यंत एक तुकडा आळीपाळीने राखावयाचा. गुरे अजिबात बंद करावयाची नाहीत, कारण गुरे हटली की उंच गवत माजते आणि बुटकी फुले त्याखाली गुदमरतात. चिरेखाण जुन्या कोपऱ्यातच चालवावयाची, पण ठेका बाहेरच्याला न देता गावातल्या गटाने घ्यावयाचा, रीतसर परवानगी काढावयाची आणि रिकामे झालेले खड्डे पाणी साठवावयास ठेवावयाचे. ज्यांचा हिस्सा अभंग भागात आला त्यांना या गटात पहिला वाटा. चौथा भाग कातळशिल्पांचा. सड्यावर दोन जागी माणसांच्या आणि जनावरांच्या आकृत्या कोरलेल्या सापडल्या होत्या. कोकणातली अशी प्रागैतिहासिक शिल्पे २०२२ साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली आहेत. सर्वांत पुरातन सातबारा तोच म्हणावयाचा!

शेवट गोड?

आमच्या गोष्टीचा शेवट पुरता गोड आहे असे मी म्हणणार नाही. आराखडा हा ग्रामसभेचा ठराव आहे. खाजगी मालकाने उद्या हिस्सा विकावयाचे ठरविले तर त्याला अडविण्याचे बळ त्या कागदात फारसे नाही. दोन घरे अजून नाराज आहेत आणि त्यांची नाराजी अगदीच निराधार नाही. ज्यांनी प्रश्न विचारला होता त्या भाऊंची कौले मात्र बदलली गेली. गटाच्या खाणीचा हिशेब आता तेच ठेवतात आणि खाण आखलेल्या रेषेबाहेर हातभर सरकली तर सर्वांत आधी तेच ओरडतात. ठेकेदार शेजारच्या गावात गेला. तेथे नोंदवही नाही.

सर्व काम करून मी एवढेच शिकलो. जमीन राखण्यासाठी कायदा लागतो, पैसा लागतो, शास्त्रही लागते; पण या सर्वांच्या आधी तिच्यावर काय आहे हे तेथल्याच माणसांनी स्वतःच्या हाताने मोजलेले असावे लागते. मी लिहून दिलेली यादी कपाटात गेली असती. मुलांनी वर्षभर दोरीच्या गाठी मोजून केलेली यादी गावाने ऐकली. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात निर्णयाची सुरुवात ग्रामसभेपासून व्हावी असा आग्रह धरला होता. त्या अहवालावर पुष्कळ वाद झाले. पण हे एक वाक्य तरी मला आमच्या सड्यावर खरे होताना दिसले.

तेव्हा वाचकहो, या सुट्टीत गावी जाणे झाले तर एक काम करा. घरातला सातबारा काढा. पोटखराबा कोठे लिहिला आहे ते पाहा आणि ती जागा पायांनी शोधून काढा. तेथे माळ असेल, कातळ असेल, दलदल असेल, बांधावरची झुडपे असतील. मुलांना बरोबर न्या. चार काठ्यांची मीटरभर चौकट मांडा आणि जे दिसेल ते वहीत लिहा. नाव ठाऊक नसेल तर गुरे राखणाऱ्याला विचारा. आता काही दिसले नाही तर निराश होऊ नका. तीच जागा खुणेने लक्षात ठेवा आणि पुढच्या श्रावणात पुन्हा जा.

आणि कोणी विचारलेच, “हे काय चालविले आहे?” तर खुशाल सांगा, “गवत मोजतो आहे!”